छपरावरचा धूर
गोवरीच्या धुराचा वास आला की आईची नवी चूल आठवते. महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमच्या बीबी गावात ग्रामसेविकाबाई घरोघरी बिनधुराची चूल बसवत होत्या. आमच्या घरात धुरानं डोळे चुरचुरायचे, तरी आई छपराबाहेर जाणाऱ्या त्या नळीकडे संशयानंच बघायची. "आपली चूल कवा पेटली, कवा नाही, साऱ्या गावाले दिसन," ती म्हणाली. तरी नळी बसलीच, आणि घरातली हवा खरंच मोकळी झाली. एका दुपारी छपरावर धूर पाहून मी भाकरीच्या आशेनं घरी पळाले. चुलीत एकच गोवरी धुमसत होती, वर तवा नव्हता. "कोनाले सांगू नको," आई म्हणाली. आजही कुणाच्या छपरावर धूर दिसला, तर आत काही शिजत असेलच, असं मी धरून चालत नाही.