जांभळ्या दिव्याचा जाणकार

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला हा पुणेकर बँकेत नोकरी करतो, पण लिफ्टमध्ये भेटला की कॅनडातल्या मेहुण्याच्या गांजाबद्दलच बोलतो. तिथे कायदेशीर आहे म्हणे.

“साहेब, सोडियमच्या दिव्याखाली कळी मोठी होते, पण गरमीने वास उडतो. ट्यूबखाली पोकळ राहते. घट्ट, चिकट कळी हवी तर एलईडीच!”

दुबईत, भरल्या लिफ्टमध्ये, हे मोठ्याने. याच्या स्वतःच्या घरात कढीपत्ता जगत नाही.

माझा मोगरा कळ्या धरत नव्हता, म्हणून त्याने मला लाल-निळा एलईडी घ्यायला लावला. दुकानात मी घासाघीस करून भाव खाली आणत होतो, तर सोबत आलेला हा शहाणा मध्येच म्हणाला, “हबीबी, दर बरोबर आहे.” ते मी अजून विसरलेलो नाही.

माझी खिडकी जांभळी दिसू लागली आणि एका सकाळी बिल्डिंगचा सिक्युरिटीवाला दारात आला. “भाईसाब, अंदर क्या उगाते हो?”

इथे गांजाच्या नुसत्या संशयाने व्हिसा आणि धंदा दोन्ही जाऊ शकतात. हा बँकवाला समोर आपल्या दारात बूट घालत होता.

“अहो, सांगा ना यांना, दिवा तुम्हीच सुचवलात!”

“सॉरी, मला झाडांतलं काही कळत नाही,” म्हणत एक बूट घालूनच तो आत पळाला.

सिक्युरिटीवाला मोगरा बघून हसत लिफ्टकडे निघाला. तेवढ्यात समोरचं दार बोटभर उघडलं.

“गेला का? आता ऐका, लाल उजेड थोडा वाढवा.”

मी जोरात ओरडलो, “भाईसाब, वापस आओ! बत्ती का एक्सपर्ट मिल गया!”