कारभारीच्या हातचे रोडगे

धाड गावाच्या आसपास कुठेही रोडग्यांची पंगत ठरली, की आधी कारभारीला निरोप जायचा आणि मग किराण्याची यादी व्हायची. नवस फेडायचा असो की नव्या विहिरीला पाणी लागलेलं असो, शेतात गोवऱ्या पेटल्या की त्यांच्यापुढे कारभारीच बसणार. दुसरे लोक निखाऱ्यांत भाजत घातलेले कणकेचे जाडजूड रोडगे उलटायला काठ्या, चिमटे शोधत. हा गडी धगधगत्या आरात सरळ हात घालायचा, भाजलेला रोडगा काढायचा, राख झटकायचा आणि तोंडाने कुणाच्या तरी जावयाची थट्टा चालूच ठेवायचा.

लोक बघत राहत. याच्या अंगात सत आहे, याला आग शिवत नाही, असं गावाने ठरवून टाकलं होतं. अर्जुनरावांनी तर ते एकदा भरपंगतीत सांगितलं, आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याचं बोलणं कोण खोडणार? कारभारीनेही खोडलं नाही. कौतुक कोणाला नको असतं!

खरं सांगायचं तर माणूस कौतुकाच्या लायकीचाच होता, पण ते आगीमुळे नव्हे. स्वतःच्या तुकड्यात वांगी-मिरची पिकवून पोट भरणारा हा माणूस पंगतीचं कधी मानधन मागायचा नाही. गावात कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं, तर त्याचा रोडगा तूप घालून घरपोच करायचा आणि मग स्वतः जेवायला बसायचा. त्याची बायको कोकिळा यावरून त्याच्याशी भांडायचीही आणि त्याच गोष्टीचा माहेरी जाऊन तोराही मिरवायची.

आधी सगळ्यांसारखे त्यालाही चटके बसत. अलीकडे ते बसेनासे झाले होते, आणि त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. मग एका सकाळी तो घरी चुलीपुढे मिरचीच्या भावाबद्दल बोलत बसला असताना कोकिळेला जळका वास आला. दूध उतू गेलं असेल म्हणून ती वळली, तर जळतं लाकूड सरकून नवऱ्याच्या करंगळीला टेकलेलं. कातडी जळत होती आणि हा आपला व्यापाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होता. तिने हात ओढून घेतला तेव्हा कोपरापाशी फिकट चट्टाही दिसला. त्या दिवशी तिच्या मनातून सत उतरलं ते उतरलंच. दुसऱ्या दिवशी तिने त्याला एसटीत बसवलं आणि बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर तरुण होती, पण घाईची नव्हती. साखर वाढली, दारू जास्त झाली, फवारणीचं औषध अंगात गेलं, तरी नसा बिघडतात म्हणून तिने आधी ते सगळं विचारून घेतलं. मग कारभारीला डोळे मिटायला लावले आणि पेनाचं टोक जिथे जिथे लागेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. टोक चट्ट्यावर फिरलं, करंगळीवर फिरलं, तळहाताच्या कडेवर फिरलं. कारभारी शहाण्या मुलासारखा बसून होता. शेवटी तोच म्हणाला, "करा ना सुरू, डॉक्टरबाई."

कोकिळेच्या तेव्हा ध्यानात आलं. आग शिवत नाही म्हणून ज्या हाताचं एवढं नाव, तो हात कधीचा मुका झाला होता.

डॉक्टरने त्याच्या कोपराच्या आतली जाड झालेली नस चाचपली आणि दोघांना समजेल असं सांगितलं. बोटाला चटका बसला की नस ती खबर पाठीच्या कण्यात पोचवते, आणि डोक्याला कळायच्या आत तिथूनच हुकूम सुटतो, हात मागे येतो. विहिरीवरची मोटर धड, घरातला स्टार्टर धड, पण मधली वायर उंदराने कुरतडली तर काय होतं, तसंच इथे झालंय. कुष्ठरोगाचे जंतू नसेत शिरून ती कुरतडतात. औषध फुकट आहे, आजार बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की तो दुसऱ्याला होत नाही, आणि एका ताटात जेवल्याने तर होतच नाही. मात्र मेलेल्या नसा सगळ्याच जाग्या होतील असं नाही. आता हाताला डोळ्यांनीच राखायचं.

कोकिळेने एवढं सगळं ऐकलं, पण कानात राहिला तो एकच शब्द, कुष्ठरोग, आणि गावात त्याला महारोग म्हणतात. घरात मुलीच्या, पूनमच्या लग्नाची बोलणी चालू होती. धामणगाव बढे गावचे उकंडराव तिला आपल्या मुलासाठी पसंत करून गेले होते. कोकिळेने नवऱ्याकडून वचन घेतलं, की लग्न होईपर्यंत गोळ्या गुपचूप घ्यायच्या, त्यांचं नाव कोणापुढे काढायचं नाही. आणि डॉक्टरने बजावूनही तिने त्याचं ताट वेगळं केलं. कारभारी आपलं ताट आपणच घासू लागला. तिला लाज वाटायची, पण भीती लाजेहून मोठी होती.

अशातच अर्जुनरावांच्या नव्या विहिरीला पाणी लागलं. पंगत ठरली, उकंडरावांनाही बोलावणं गेलं. पाठ दुखते म्हणून सांगा, असं कोकिळा परोपरीने विनवत होती. कारभारी गेला, आणि चिमटा घेऊन गेला.

चिमटा बघून हशा पिकला. अर्जुनरावांनी लांबूनच विचारलं, "काऊन बे कारभारी, सत गेलं का तुहं?"

हसून वेळ मारून नेता आली असती. कारभारीने वाढायला आलेल्या पूनमकडे पाहिलं, मग कोकिळेकडे, आणि तो उठून उभा राहिला.

"सत नव्हतंच, मालक. माह्या हाताले कळतच नव्हतं. मले महारोग हाये, दवाखान्याच्या गोळ्या चालू हायेत. जेवणातून तो होत नाही, पण ज्याले माह्या हातचं खायचं नसीन त्यानं उठून जावं, मले राग नाही. फक्त कोणाच्या अंगावर असा सुन्न चट्टा असीन तर माह्यासारखं मिरवू नका. दवाखान्यात जा."

पंक्तीत बसलेली माणसं पत्रावळींकडे बघत राहिली. दोघे-तिघे उठले. त्यांच्यामागून उकंडरावही उठले आणि पायात चपला घालून बांधाकडे चालू लागले.

कोकिळेला सगळं दिसत होतं. तिला नवऱ्याचा राग आला, रडू आलं, आणि त्याच वेळी त्याचा अभिमानही वाटला. रांधणाऱ्या बायका शेवटी जेवतात, ही रीत तिने जन्मभर पाळलेली. तिने हातातली भाजीची बादली खाली ठेवली, पुरुषांच्या पंक्तीत उकंडरावांच्या रिकाम्या जागी जाऊन बसली आणि त्यांची पत्रावळ पुढे ओढली.

"वाढा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं वाढा."

कारभारीने चिमट्याने रोडगा काढला, तूप घातलं. तिने पहिला घास मोडून त्याच्यादेखत तोंडात घातला. पूनम बांधापलीकडे जाणाऱ्या उकंडरावांच्या पाठीकडे जराशी बघत राहिली. मग आली आणि आईच्या पत्रावळीतच जेवायला बसली.