पूर्वेकडे तोंड केलेली गाडी

आमची गाडी पेट्रोल प्यायची आणि ऑइल जेवायची. हे वाक्य माझ्या बायकोचं, नलूचं. मी ते मान्य केलेलं नाही.

तेव्हा आम्ही बोरिवलीला राहायचो. शेजारपाजारचे टीव्ही नुकते रंगीत झाले होते, तर आपण एक पाऊल पुढे म्हणून मी जुनी गाडी घेतली. आईने नारळ फोडला आणि हुकूम सोडला, "गाडीचं तोंड पूर्वेकडेच हवं. लक्ष्मी आहे ती!" सोसायटीत पूर्वेला गेट आणि गेटकडे चांगलाच चढ. लक्ष्मी नाक वर करून उभी राहू लागली.

रोज सकाळी आंघोळ झाली की मी बॉनेट उघडायचो. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, परत घालून बघायची (हे मला एका टॅक्सीवाल्याने शिकवलं होतं). ऑइल कमी! मी ओतायचो. दोन दिवसांनी पुन्हा कमी! पुन्हा ओतायचो. महिन्याभरात गाडी मागून असा निळा धूर सोडू लागली की पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडक्या लावून ओरडायच्या, "डास मारायची गाडी आली गं!"

त्यातच धाकट्या बहिणीचं, सुमनचं लग्न ठरलं. ती माझ्याच गाडीतून मालाडला सासरी जाणार, असं मी चारचौघांत जाहीर करून बसलो होतो.

"दादा, मी टॅक्सीने जाते," सुमन म्हणाली. "सासूबाई ओवाळायला उभ्या असणार, आणि मी काय धुरातून प्रकट होऊ?"

"माझी बहीण माझ्याच गाडीतून जाणार!"

"भावजी, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, ऑइल जळतंय," नलूचा भाऊ मोहन म्हणाला. (त्याच्याकडे सायकल होती.) "इंजिन खोलावं लागणार. पंधरा दिवस तरी गाडी विसरा."

लग्नाला चार दिवस राहिले होते! "इंजिन ठणठणीत आहे," मी गरजलो. "त्याला पाना लावाल तर याद राखा!"

शेवटी गाडी चारकोपच्या गॅरेजवाल्या परबमामांकडे न्यायचं ठरलं. ते म्हणतील तो निकाल. नलू आणि मोहन माझी जिरलेली बघायला आले आणि आई मागच्या सीटवर बसली (लक्ष्मीला एकटं कसं पाठवायचं?). गॅरेजच्या सपाट फरशीवर मामांनी डिपस्टिक काढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर!

"ह्येच्यात तेल कोण ओतता?"

"मी. रोज तपासून!"

"आणि गाडी खंय उभी असता?"

"गेटच्या चढावर," आईने अभिमानाने सांगितलं. "पूर्वेकडे तोंड करून!"

मामांनी कपाळाला हात लावला. "अरे, नाक वर केलंस की तेल मागे जाता. पट्टी सुकीच येतली! इंजिनाक काय्येक झाला नाय. तू त्येका खाऊ घालून घालून मारतलस!"

त्यांनी खालचा बोल्ट सोडला. घमेलं भरलं, मग डालड्याचा डबाही भरला. मोहन हसून हसून जमिनीवर बसला.

"मी काय म्हणत होतो?" मी छाती काढून म्हणालो. "इंजिन ठणठणीत आहे!"

"हो, इंजिन ठणठणीत आहे," नलू म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

लग्नाच्या दिवशी गाडी मालाडपर्यंत गेली आणि मागे धुराची एक रेघ नाही! सुमन खिडकीतून मागे वळून वळून बघत होती. उतरताना डोळे पुसत म्हणाली, "दादा, तुझीच गाडी बरी रे." मलाही भरून आलं. ती उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत गेली. मी बाहेर गाडीपाशी एकटाच उभा. काय करावं सुचेना, म्हणून सवयीने बॉनेट उघडलं. डिपस्टिक पुसली, घातली, काढली. आणि डिकीतला ऑइलचा डबा आणला.

"अहो!" नलू अक्षता लागलेल्या शालूनिशी धावत आली आणि तिने डबा हिसकावला. "चढ बघा चढ! केवढा आहे तो!"

चढ होता, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी ऑइल खरोखरच कमी होतं!