कागदात धरलेली भाकरी

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीतलं धुऊन वाळवलेलं प्लॅस्टिक मी दर महिन्याला एका कारखान्यात पोचवतो. तिथे ते वितळवून इंधन काढतात. भट्टीवरचा माणूस दुपारी दाराशी जेवायला बसायचा आणि भाकरी कागदात धरून खायचा.

"हात धुऊन घ्या की," मी एकदा म्हणालो.

"धुतल्यात. वास जात न्हाय."

काहीतरी बरं बोलावं म्हणून मी सांगितलं, तुमच्यामुळे एवढं प्लॅस्टिक नदीत आणि पुढे समुद्रात जायचं वाचतं.

"समुद्राचं बरं झालं," तो म्हणाला आणि बराच वेळ खोकत राहिला.

या महिन्यात भट्टीवर दुसराच माणूस होता. पहिल्याचं काय झालं, ते कोणी नीट सांगेना. नवा दाराशी जेवत होता. भाकरी अजून हातानेच मोडत होता.