फिरणाऱ्या भागापासून हातभर लांब

बिघडलेल्या वस्तूवर माझा इलाज एकच, चापट. मिक्सर, रिमोट, गिझरचं बटण, घरातल्या सगळ्यांनी माझ्या हातचा मार खाल्लेला आहे आणि बरेचसे त्यानं सुधारलेही आहेत. म्हणून मुलीचा गेमिंगचा कॉम्प्युटर खेळता खेळता बंद पडायला लागला तेव्हा मी सवयीनं हात उचलून पुढे झाले. तिनं मध्ये हात आडवा घातला. "आई, प्लीज. याला नाही."

शिरगावात, बदलापूर पूर्वेला आमचं घर आहे. नवरा नोकरीनिमित्त गुजरातेत, त्यामुळे एरवी घरात आम्ही तिघंच. मी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली माझी मुलगी आणि आई गेल्यापासून आमच्याकडे राहायला आलेले माझे वडील. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे ऑफिसर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण भाषा निवृत्त झाली नाही. त्यांच्या तोंडी घरातला पंखा लागत नाही, 'स्टार्ट होतो'. कुकरची शिट्टी झाली की 'प्रेशर रिलीज झालं' असं आतून ऐकू येतं. मी दुपारी झोपले की मी 'शटडाऊनवर' असते.

मुलगी पाच मुलींच्या टीममधून खेळते. एक इंदूरची, ती कॅप्टन. बाकीच्या कुठल्या कुठल्या गावच्या. त्या एकमेकींना कधी प्रत्यक्ष भेटलेल्या नाहीत. सुरुवातीला मी या प्रकाराला 'ठो-ठो' म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे. मग एकदा सुट्टीच्या दिवशी चहा द्यायला गेले आणि तिथेच उभी राहिले. ती हेडफोन फक्त बोलायला वापरते, बाकीच्यांचा आवाज स्पीकरवर असतो. पाच मुली पाच गावांतून एकमेकींना सांभाळत होत्या. "मागे बघ, मी आहे," "तू थांब, मी जाते." माझी घरात एक शब्द धड न बोलणारी मुलगी तिथे इतकी शांत, इतकी स्पष्ट बोलत होती की चहा गार झाला तरी मी हलले नाही. त्या दिवसापासून 'ठो-ठो' म्हणणं मी बंद केलं. निदान तिच्यासमोर तरी.

आणि दसरा झाल्यावर हा प्रकार सुरू झाला. खेळ रंगात आला की सगळं एकदम काळं. ना सूचना, ना आवाज. स्क्रीन जायचा, कॉम्प्युटरच्या डब्यातले रंगीबेरंगी दिवे जायचे, पंखे थांबायचे. इकडे ही अंधाऱ्या स्क्रीनकडे बघत बसायची, तिकडे पाचाच्या चार व्हायच्या आणि हरायच्या. पहिल्यांदा त्यांनी समजून घेतलं. दुसऱ्यांदा एकीनं म्हटलं, "तुम्हारे यहां लाइट बहुत जाती है क्या?" तिसऱ्यांदा कॅप्टननं जे म्हटलं ते मी दारातून ऐकलं. "हारने लगते हैं तो निकल जाती है." रविवारी स्पर्धेची पात्रता फेरी होती. त्यात पुन्हा ही गायब झाली तर तिची जागा कायमची दुसरीला, असं ठरलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या इंदूरकरणीला फोनवरून दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं. मुलीनं मात्र वाद घातला नाही. हेडफोन काढून ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "ती काय चूक बोलतेय? तिला तिथून एवढंच दिसतं." एवढं शहाणपण तिच्यात माझ्याकडून आलेलं नाही, हे मी इथे स्पष्टच सांगते.

आधी आम्ही विजेला दोष दिला. बदलापुरात राहणाऱ्या माणसाला ते सोपं जातं. पण डबा बंद पडायचा तेव्हा ट्यूबलाइट व्यवस्थित चालू असायची. मग मी रजा टाकली आणि तो डबा जुन्या गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, रिक्षानं उल्हासनगरला नेला. तिथल्या दुकानदारानं तो उघडला, साफ केला, आतला कसलासा लेप बदलला आणि माझ्यासमोर गाणी लावून बराच वेळ चालवून दाखवला. "देखो बहनजी, एकदम मक्खन. गाड़ी चल रही है ना?" गाडी चालली होती खरी. घरी आणली, मुलगी खेळायला बसली, आणि गाडी पुन्हा काळी.

मी हात उचललाच होता. तेवढ्यात बाबा दारात आले.

"बंद पडलं?" त्यांनी विचारलं.

"इतके दिवस तेच तर चाललंय," मी करवादले. "तुम्ही नव्हतं का बघितलं?"

"बघत होतो. मला कुणी विचारलं नाही." एवढं म्हणून त्यांनी स्टूल ओढलं आणि नातीशेजारी बसले. "आता बटण दाब बरं. लगेच चालू होतं?"

"नाही आजोबा. थोडा वेळ काहीच होत नाही. मग आपोआप होतं."

बाबांचा चेहरा उजळला. खूप दिवसांनी मी तो तसा बघितला. "मग हे बंद पडलेलं नाही. ट्रिप झालंय."

"बाबा, दोन्ही एकच," मी म्हटलं.

"एकच कसं? बंद पडतं ते बिघडलेलं. ट्रिप होतं ते शहाणं. आत कुठंतरी तापलं, त्याला कळलं, त्यानं स्वतःला वाचवलं. त्याला मारायचं कशाला? कुठं तापलं ते विचारायचं."

विचारायचं म्हणजे काय, ते पुढच्या दोन दिवसांत मी बघितलं. त्यांचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी असते तर प्लग, वायर, जागा सगळं एकदम बदलून मोकळी झाले असते. त्यांनी आधी फक्त प्लग बदलला आणि नातीला खेळायला लावलं. ट्रिप. प्लग पुन्हा होता तिथे. मग डबा भिंतीपासून पुढे ओढला. ट्रिप. डबा परत मागे. मी कॉलेजला असताना गणिताची वही पुढ्यात घेऊन ते असेच बसायचे आणि मी असाच पाय आपटायचे. नात मात्र पाय आपटत नव्हती. ती त्यांच्याइतकीच चिवट निघाली. दर वेळी नुसतं म्हणायची, "आजोबा, हे नाही. पुढचं."

शनिवारी दुपारी बाबा डब्याच्या मागे जमिनीवर बसले. त्या गुडघ्यांनी खाली बसणं म्हणजे एक समारंभच असतो. ती खेळत होती आणि ते डब्याच्या मागच्या जाळ्यांवर तळहात धरून होते, तापलेल्या मुलाच्या कपाळावर धरावा तसा. आधी वर, मग मधे, मग खाली. स्क्रीनकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"वर हवा आहे," ते म्हणाले. "मधे आहे. खाली हा जो चौकोनी डबा आहे, याचं काम काय?"

"तो पॉवर सप्लाय. सगळ्यांना करंट देतो."

"यातून हवाच येत नाहीये. आणि चांगलाच तापलाय."

"त्याचा पंखा हलक्या कामाला फिरत नाही आजोबा, मुद्दामच. लोड आला की..." बोलता बोलता तीच थांबली. लोड तर आलेला होता. दुकानात गाणी वाजत होती तेव्हा नव्हता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तेवढ्यात स्क्रीन काळा झाला. या वेळी मात्र दोघंही हसली.

प्लग काढला. बाबांनी लगेच हात घालू दिला नाही. करंट देणाऱ्या वस्तूत बराच वेळ करंट राहतो, तो चौकोनी डबा आपण उघडायचाच नाही, बाहेरून काय दिसतं तेवढं बघायचं, असं त्यांनी बजावलं आणि सगळ्यांना चहा प्यायला पाठवलं. मग बाजूची काच उतरवून मोबाइलचा उजेड टाकला. पॉवर सप्लाय डब्याच्या तळाशी होता आणि त्याचा पंखा आभाळाकडे तोंड करून होता. त्याच्या जाळीतून आत पांढरा दोरा गेलेला दिसत होता. पंख्याच्या मधोमध करकचून गुंडाळलेला, आणि त्यात काहीतरी वाळकं, केशरी अडकलेलं.

नातीनं ते आधी ओळखलं. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती पटकन म्हणाली, "धूळ आहे आजोबा. धुळीचा गोळा. मी काढते."

बाबांनी माझा भुवयांचा चिमटा मागितला, जाळीतून हळूच आत घातला आणि दोरा इंच इंच बाहेर घेतला. त्याच्या टोकाला झेंडूच्या पाकळ्या होत्या. त्यांनी तो तळहातावर ठेवला आणि चष्मा वर करून बघितला.

"धूळ नाही बाळा," ते म्हणाले. "हा माझा हार आहे."

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा बाबांनीच केली होती. अंबरनाथला कारखान्यात दसऱ्याला सगळी मशिनं धुऊन पुसून हळदकुंकू, आपट्याची पानं, झेंडूचे हार व्हायचे. आम्ही पोरं नवे कपडे घालून बुंदीच्या लाडवासाठी जायचो. बाबा प्रत्येक मशीनपाशी उभे राहून एकच सूचना द्यायचे, हार फिरणाऱ्या भागापासून हातभर लांब. ती आम्हाला पाठ होती. त्या दसऱ्यालाही त्यांनी आमचा डबा नीट न्याहाळला होता. समोरच्या काचेतून फिरणारे पंखे दिसत होते, म्हणून तिथे काही वाहिलं नाही. वरची बाजू शांत होती, म्हणून हार वर ठेवला. वरच्या भोकांवर एक बारीक जाळी असते. सणाची साफसफाई म्हणून मुलीनं ती धुऊन खिडकीत वाळत घातली होती, आणि वाळलेला हार काढायला कुणाला सवड झाली नव्हती. तो सुकून तुटला आणि दोरा भोकांतून आत घसरला.

"चूक माझीपण आहे," मुलगी म्हणाली. "जाळी मी काढली होती."

"ती धुवायला मीच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "वाटणी करू नकोस."

संध्याकाळी ती मशीनला ताण देऊन खेळली. बाबांचा हात मागे होता. हवा आली. डबा चालू राहिला.

मला वाटलं, संपलं. रविवारी सामन्याआधी मी कांदे चिरायला घेतले. टीम जमली तेव्हा मुलगी कॅप्टनला सांगत होती की पीसी अब ठीक है. पलीकडून नुसतं "देखते हैं" आलं. बाबा शेजारीच होते. त्यांनी हेडफोनसाठी हात पुढे केला. "मला दे तो."

"आजोबा, राहू दे ना."

"दे."

पांढऱ्या केसांवर तो लाल दिव्यांचा हेडफोन चढवून बाबा ताठ बसले आणि कारखान्यातल्या हिंदीत, मायक्रोफोनच्या गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं बोलले. "बेटा, मैं इसका नाना बोल रहा हूं. लड़की भागी नहीं थी. मशीन ट्रिप हुई थी. और मशीन का भी दोष नहीं था. दसरे में मैंने पूजा किया, फूल का धागा पंखे में गया. गलती मेरी है. लड़की की जगह मत निकालो."

मी सुरी हातात तशीच धरून दारात उभी होते. ज्यांनी सगळी नोकरी मशीन बंद पडू न देण्यात घालवली, ते माझे बाबा आपल्या नातीच्या वयाच्या चार मुलींपुढे स्वतःची चूक अशी सरळ मांडत होते, पगारपत्रकावर सही करावी इतक्या साधेपणानं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी मनगटानं डोळे पुसले. कांद्यावर ढकलता आलं, हे बरं झालं.

 पलीकडून कॅप्टनचा आवाज आला, आणि त्यात आता धार नव्हती. "नानाजी, सॉरी तो मुझे बोलना चाहिए. आप आज वहीं बैठोगे ना? पंखे के पास?"

"वहीं बैठूंगा," बाबा म्हणाले आणि बसले. पूर्ण सामना, जमिनीवर, तळहात जाळीवर. खेळ रंगात आला, ज्या जागी दर वेळी काळोख व्हायचा ती जागा आली, मुलीनं क्षणभर श्वास धरलेला मला दिसला. मागून बाबा म्हणाले, "हवा आहे. खेळ."

त्या हरल्या. अगदी थोडक्यात हरल्या, आणि हरेपर्यंत पाचही जणी होत्या. खेळ संपल्यावर कॅप्टननं पुढच्या सरावाची वेळ सांगितली, ती पाचही जणींची म्हणून सांगितली. मुलीनं मान वळवून आजोबांकडे बघितलं. ते अजून हात लावून बसले होते, कारण उठायला त्यांना मी लागते.

यंदा दसऱ्याला बाबांनी कॉम्प्युटरला लांबूनच हात जोडले. फूल नाही, अक्षता नाहीत, काही नाही. तबक घेऊन ते परत वळले तर मुलीनं त्यांना अडवलं.

"आजोबा, दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात ना?"

"झाली की."

"नाही झाली." तिनं त्यांचा उजवा हात धरला, उलटा केला, त्यावर हळदकुंकू लावलं, आणि मग तळहात वर करून त्यात झेंडूचं एक फूल ठेवलं. ज्या हातानं हवा शोधली होती, तोच हात. बाबा काहीतरी मिश्किल बोलतील म्हणून मी वाट बघत होते.  त्यांनी नुसती मूठ अलगद मिटली आणि दुपारच्या जेवणापर्यंत ते फूल हातात घेऊन घरभर फिरत राहिले.