जाऊबाईंच्या म्हशी आणि माझा गोबरगॅस

माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे सरकारी योजनेतला गोबरगॅस आला आणि त्या दिवसापासून आमच्या चुलीचा धूर वाढला.

चूल तीच, सरपण तेच, फुंकणारी मीही तीच. पण भिंतीपलीकडे आमच्या जाऊबाई, कमलबाई, नुसती काडी ओढणार, निळा जाळ फुर्रकन पेटणार, आणि मी इकडे फुंकणी धरून डोळे चोळत बसणार! त्यात त्या भांडी घासून आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर वाळत घालायच्या. बुडं आमच्या बाजूला! (एकाही बुडाला काजळी नाही. मी रोज तपासायची.)

तेवढंही सोसलं असतं, पण सासूबाईंनी पत्र्याची पेटी उचलली. अकरा वर्षं माझ्या चुलीपुढे बसून माझ्या भाकरीला नावं ठेवणारी बाई! "सुमे, धुरानं डोळ्याची पार वाट लागली गं. मी आता कमळीकडंच ऱ्हाती," म्हणाल्या आणि गेल्या. खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापली आणि कुणी नावंच ठेवेना! घास उतरेना मला. पलीकडून मात्र सासूबाईंच्या हसण्याचा आवाज. माझ्या घरी अकरा वर्षांत दात न दाखवलेली बाई तिकडे चार दिवसांत हसते म्हणजे काय!

"मला गोबरगॅस पाहिजे," मी ह्यांना सांगून टाकलं.

"आगं, सायेब येऊन जनावरं मोजतो. पाच तरी लागत्यात. आपल्याकडं दोन बैल अन् एक भाकड गाय."

"मंग दोनच तर कमी हायेत!"

"दोन काय दावणीला उगवत्यात व्हय?"

उगवल्या! परभणीहून साहेब फटफटीवर आले त्या दिवशी जाऊबाई घरादारासकट ताडकळसच्या बाजाराला गेल्या होत्या. मी मागच्या खिंडारातून त्यांच्या दोन्ही म्हशी आणून आमच्या दावणीला बांधल्या. हे लाजेने बैलाआड उभे राहिले.

"ही म्हैस मी कुठंतरी पाहिलीय," साहेब म्हणाले.

"सायेब, म्हशी समद्या सारख्याच दिसत्यात."

"समद्यांचं डावंच शिंग मोडलेलं असतंय?"

मी पुढे होऊन पदराने ते शिंग झाकलं. पण मार्चअखेर आली होती आणि साहेबांच्या उद्दिष्टात नेमका एक गोबरगॅस कमी पडत होता. त्यांनी म्हशीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि सही ठोकली.

खड्डा झाला, वीटकाम झालं, वर लोखंडी टाकी उपडी बसली. आत गॅस धरला की ही टाकी वर उचलली जाते. जाऊबाईंची टाकी रोज सकाळी गव्हाच्या पुरीसारखी टम्म! आमची मात्र जागची हलायला तयार नाही. हलणार कशी? शेण तीन जनावरांचं, त्यातली गाय पोटभर खायला मागायची आणि शेण टाकताना विचार करायची.

मग मी रस्त्यावर उतरले. आमच्या गावात गुरं रानातून परतताना वाटेवर शेणाचा पो जिला आधी दिसेल तिने त्यात काडी खोचायची. काडी खोचली की शेण तिचं. ती घरून पाटी आणेपर्यंत सरपंचसुद्धा हात लावत नाही. मी मात्र रोज संध्याकाळी जाऊबाईंच्या काड्या उपटून फेकायची आणि पो माझ्या पाटीत! (देवा, माझे वडील शाळेत मास्तर होते.)

पोळा आला. मी सासूबाईंना आणि जाऊबाईंना जेवायला बोलावलं. घरात चुलीचा मागमूस नको म्हणून आदल्या दिवशी चूल कुदळीने फोडून टाकली. गॅसवर पुरणाची डाळ चढवली. सासूबाई पाटावर, जाऊबाई अजून यायच्या, दारात झुली घातलेले बैल घासासाठी ताटकळलेले, आणि डाळ अर्धीकच्ची असताना जाळ आधी पिवळा झाला, मग मिणमिणला.

"आवो, जरा टाकीवर बसा!" मी परसात धावले.

"नवं धोतर हाय!"

"दाब पडंल, तेवढी डाळ शिजंल. बसा म्हणते ना!"

हे फेटा सावरत बसले. आत जाळ भडकला. मी खूश! तेवढ्यात टाकी कलली आणि नव्या धोतरासकट आमचे हे कमरेपर्यंत शेणकाल्यात! सासूबाई बाहेर आल्या, पाहिलं आणि हसल्या. माझ्या घरी त्या पहिल्यांदा हसल्या, त्या अशा!

चूल फोडलेली, बाहेरचं सरपण पावसाने भिजलेलं. रडत रडत पातेलं उचललं आणि जाऊबाईंच्या दारात गेले.

"ठिव हितं," त्यांनी आपलं दूध उतरवून शेगडी मोकळी केली. मग हळूच म्हणाल्या, "सुमन, उद्यापास्नं दोन पाट्या शेण माझ्या गोठ्यातनं न्हेत जा. काड्या उपटायची काय गरज हाय?"

मी पातेलं शेगडीवर ठेवलं.

"अन् म्हशी न्ह्यायच्या तर सांगून न्हे. त्या दिशी चंद्री म्हस तुझ्या दावणीचं दावं गळ्यात घेऊन घरी आलती."

जाऊबाईंच्या शेणावर आमची टाकी फुगायला लागली. आठवड्यात सासूबाई पेटी घेऊन परत आल्या. "इथं बी धूर न्हाई आता. अन् तुझ्याबगर करमंना गं," म्हणाल्या. माझे डोळे भरून आले. (या खेपेला धूर नव्हता.) गडबडीने गॅस पेटवला, गरम भाकरी त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी तुकडा मोडला, चावला, थांबल्या.

"कमळीच्या भाकरीची सर न्हाई बाई हिला!"

म्हशी जाऊबाईंच्या, शेण जाऊबाईंचं, गॅसही त्यांचाच म्हणायचा. त्या अख्ख्या स्वयंपाकघरात माझी म्हणून एकटी भाकरीच होती, आणि खोट नेमकी तिच्यातच निघाली!