शेटजींचा खर्च, आमची परीक्षा

जिनिंगच्या आवारात राहणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. कापसाचे तंतू जसे वाळवणावर, पाळण्यावर, वरणावर येऊन बसतात, तसे तेही बसतात. दुपटं झटकलं की एखादा पडतोच. त्यातले खरे किती अन् माझ्या काळजीनं फुगवलेले किती, हे मला विचारू नका.

हिंगोलीच्या आमच्या जिनिंगचं वाफेचं बॉयलर आमच्या खोलीपासून चाळीस पावलांवर होतं. लेक पाळण्यात आल्यापासून, बॉयलर फुटलं तर या धास्तीनं, मी ती पावलं रोज मोजत असे. कधी अडतीसच भरत. मग तो दिवस वाईट जाई.

*

बॉयलर सांभाळत रहीमचाचा, अन् त्यांच्या हाताखाली आमचे हे. चाचांना सगळं येत होतं, फक्त सर्टिफिकेट नव्हतं. एका वर्षी हैदराबादहून निजाम सरकारचे तपासणीचे साहेब आले अन् त्यांनी नेमकं तेच मागितलं.

चाचा म्हणाले, "साहेब, हे बॉयलर गाडीवरून उतरवायला मी होतो. माझ्याबद्दल काय विचारायचं ते त्यालाच विचारा."

साहेब बॉयलरपाशी जाऊन थोडा वेळ उभे राहिले. मग वहीत उर्दूत लिहिलं. मुनीमजींनी नंतर ते वाचून दाखवलं: बॉयलरनं साक्ष दिली नाही.

*

पुढच्या हंगामात सर्टिफिकेटवाला माणूस नसेल तर बॉयलर बंद, असा हुकूम झाला. या वयात परीक्षा देणार नाही म्हणून चाचांनी हात वर केले. म्हणजे एक तर ह्यांनी हैदराबादला राहून, शिकून पास व्हायचं. नाही तर शेटजी बाहेरून माणूस आणणार अन् आमची खोली त्याला देणार. हैदराबादचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. शेटजींनी तो करावा का, यावर सगळं आवार बोलत होतं. शेटजी सोडून.

शेटजी गप्प होते ते किसनमुळे. किसन म्हणजे ह्यांच्या आधी बॉयलरला जाळ घालणारा फायरमन. त्याला शेटजींनी स्वखर्चानं पाठवलं, तो पास झाला, अन् दहाव्या दिवशी वसमतच्या एका जिनिंगमध्ये दिसला. शेटजींनी त्याला आणायला बैलगाडी धाडली. किसन गाडीत बसून आलाही. इथं सासुरवाडीला दोन दिवस राहिला, अन् त्याच गाडीनं परत गेला.

शेटजींनी गाडीवानाला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "आणायचं सांगितलं व्हतं, मालक. ठिवायचं न्हाई सांगितलं."

*

ह्यांचं म्हणणं सरळ होतं. बॉयलर शेटजींचं, हुकूम शेटजींच्या बॉयलरला, तर खर्चही शेटजींचा. चाचांना हे मान्य नव्हतं.

"शेट बैलाला नाल ठोकतो," ते म्हणाले, "कारण बैल शेटचा. तू त्याचा बैल हाईस का?"

हे म्हणाले, "पण नालाबिगर मी चालू कसा, चाचा?"

मला दोघांचंही पटलं. माझं असंच होतं. शेवटी जो बोलतो त्याचं पटतं. म्हणून मी त्यांना आलटून पालटून चहा देत राहिले.

*

दरम्यान ह्यांचा अभ्यास मीच घेत होते. शाळेत शिकलेलं उर्दू कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. परीक्षेचं उर्दू पुस्तक मी वाचायची, ह्यांनी ऐकायचं. दोन आठवड्यांत ह्यांना थोडं आलं अन् मला नको इतकं आलं.

एका सकाळी हे घरी आले तेव्हा मी लेकीला घेऊन अंगणात, निंबाच्या पलीकडे उभी होते.

"काहून बाहेर?"

"झाकण उडून राहिलंय. आतलं पाणी आटलं असंल तर वरून थंड पाणी घालायचं न्हाई, जाळ काढायचा, अन् माणसं लांब न्यायची. तुमच्याच पुस्तकात हाय."

"अगं, ते वरण हाय."

मी म्हटलं, तरी तुम्हीच जाऊन जाळ काढा.

*

शेवटी शेटजींनी आम्हा दोघांना पेढीवर बोलावलं. खर्च देतो म्हणाले, सगळा, अन् पगारही वाढवीन. पण पास झाल्यावर तीन वर्षं हलायचं नाही. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. किसननं कागद करून दिला होता. तर ह्यांनी माझ्या मांडीवरच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची.

ह्यांचा हात उठला. मी लेकीला पदराखाली घेतलं. खोली जाईल हे मला दिसत होतं. तीन वर्षांत काय होईल ते कुणाला ठाऊक, अन् शपथ मोडून लेकीला झालंच काही तर मी काय काय मनात आणीन, ते मात्र मला ठाऊक होतं.

शेटजींची नात शेजारीच तक्क्याला टेकून पेढा खात होती. माझ्या लेकीपेक्षा वर्षभरानं मोठी असेल. माझ्या तोंडून निघून गेलं, "शेटजी, पास झाल्यावर पगार वाढवीन असं तुमी म्हणलात. तर आधी तुमी ह्या धाकल्या बाईसाहेबांच्या डोक्यावर हात ठिवा. मग आमी ठिवतो."

हे जमिनीकडे बघू लागले. मुनीमजींनी टाक खाली ठेवला.

शेटजींनी नातीकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाला लागलेला पेढा उपरण्यानं पुसला अन् म्हणाले, "लेकरांना काहून तकलीफ? नारळावर भागवू."

मुनीमजींनी देवघरातून दोन नारळ आणले. कोरड्या नारळावरची शपथ कुणाला बाधत नाही, असं आमच्याकडं म्हणतात. शेटजींनी दोन्ही कानाशी धरून हलवून पाहिले, अन् ज्यात पाणी वाजत नव्हतं तो आमच्या मधोमध ठेवला.